नऊ इंचांचं धुराडं आणि एक लॉर्ड

दोस्तांनो, आधी एक काम करा. दप्तरातली फूटपट्टी काढा. ती बारा इंचांची असते, आपल्याला त्यातले नऊच इंच हवेत. जुन्या वहीच्या पाठकोऱ्या कागदांवर नऊ इंच लांब आणि नऊ इंच रुंद असा चौकोन आखा आणि कापून काढा. झालं? आता त्या भोकातून आत शिरून बघा बरं. डोकं जाईल. एक खांदा जाईल. दुसरा? अडकलात ना!

दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात पाच-सहा वर्षांची पोरं अशाच नऊ इंची चौकोनातून वर चढत होती. एखाद-दुसरा फूट नाही, तीन-तीन चार-चार मजले. तिकडे थंडी कडाक्याची, म्हणून घरातल्या खोल्याखोल्यांत कोळशाची शेगडी आणि तिचा धूर बाहेर न्यायला भिंतीतून छपरापर्यंत गेलेलं अरुंद धुराडं. त्यात काजळी साठते. ती काढली नाही तर पेट घेते आणि घर जळतं. मग ती काढायची कोणी? मोठा माणूस आत मावत नाही. म्हणून लहान मुलगा! गरीब आईबाप चार पैशांसाठी मूल धुराडी साफ करणाऱ्याच्या हवाली करायचे, नाहीतर अनाथ मुलांना गावच त्याच्याकडे कामाला बांधून द्यायचं. कोपर आणि गुडघे भिंतीला टेकवत, तोंडावर टोपी ओढून, हातात खरवडणी घेऊन ते पोर वर सरकायचं. सुरुवातीला कोपरं सोलवटून रक्त यायचं. मग मालक त्या जखमांवर मिठाचं पाणी चोळून पोराला विस्तवासमोर उभं करायचा. कातडी निबर व्हावी म्हणून, बरं का! काही मुलं वाकणावर अडकायची आणि तिथेच गुदमरून मरायची.

ही गोष्ट अशा मुलांसाठी पन्नास वर्षं भांडलेल्या एका माणसाची आहे. तो स्वतः मात्र महालात जन्मलेला होता.

त्याचं नाव अँथनी अ‍ॅशली कूपर. जन्म २८ एप्रिल १८०१, लंडन. बाप पुढे शाफ्ट्सबरीचा सहावा अर्ल झाला. अर्ल म्हणजे आपल्याकडे सरदार-जहागीरदार असत ना, तसा मोठा उमराव. आई मार्लबरोच्या ड्यूकची मुलगी. म्हणजे दोन्हीकडून खानदान काय विचारता! घरात नोकरचाकर, घोडागाड्या, सगळं होतं. नव्हती ती माया. आईबापांना समारंभ आणि मेजवान्या यांतून मुलांकडे बघायला वेळ नव्हता, आणि वेळ मिळाला की ती शिस्त लावण्यात जायची. हा मुलगा पुढे म्हातारा झाला तरी आईवडिलांविषयी गोड शब्द काढू शकला नाही.

त्याच्यावर जीव लावला तो घरातल्या एका नोकर बाईनं. तिचं नाव मारिया मिलिस. ती त्याला मांडीवर घेऊन गोष्टी सांगायची, प्रार्थना शिकवायची, दुखलंखुपलं बघायची. आपल्या घरात आजी करते ते सगळं. पण तो शाळेत गेल्यावर थोड्याच दिवसांत ती वारली. जाताना तिनं आपलं सोन्याचं घड्याळ त्याच्या नावानं ठेवलं होतं. दागिन्यांनी भरलेल्या घरातल्या या मुलानं जन्मभर खिशात वागवलं ते हेच घड्याळ. कोणी विचारलं की तो सांगायचा, मला आयुष्यात लाभलेल्या सर्वांत चांगल्या मैत्रिणीनं हे दिलंय.

सातव्या वर्षी त्याला वसतिगृहाच्या शाळेत टाकलं. ती शाळा म्हणजे तुरुंग! घाण, मारझोड, मोठ्या मुलांची दादागिरी, पोटभर जेवण नाही. सुट्टीत घरी जावं तर तिथे बापाचा धाक. तुम्हाला कधी सुट्टी संपल्याचं आणि सुरू झाल्याचं, दोन्हींचं सारखंच वाईट वाटलंय का? अ‍ॅशलीला वाटायचं. मला वाटतं, त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली इथे आहे. मोठ्या घरात जन्मलेल्या शेकडो मुलांना गरिबांची दुःखं दिसत होती. लहान असताना कोणी ऐकून घेत नाही म्हणजे काय होतं, हे याला स्वतःला माहीत होतं.

नंतर तो हॅरो या नावाजलेल्या शाळेत गेला. तिथे एकदा टेकडीवरून उतरताना त्याला आरडाओरडा आणि गाणी ऐकू आली. बघतो तर चार-पाच दारू प्यायलेली माणसं एक शवपेटी घेऊन चाललेली. मेलेला माणूस गरीब, रडणारं कोणी नाही. झोकांड्या खाताखाता त्यांच्या हातून पेटी खाली पडली आणि ते शिव्या देऊ लागले. चौदा-पंधरा वर्षांचा हा मुलगा जागच्या जागी थिजला. गरीब म्हणून माणसाची मेल्यावरही ही दशा? आपलं आयुष्य यांच्यासाठी वापरायचं, हे त्यानं तेव्हाच ठरवलं, असं तो पुढे सांगत असे. हॅरोला त्या जागी आज पाटी लावलेली आहे.

आता अ‍ॅशली मोठा झाला, तेव्हा आपणही त्याला 'अहो-जाहो' करू या. ऑक्सफर्डची पदवी पहिल्या वर्गात मिळवून १८२६ मध्ये, पंचविसाव्या वर्षी ते पार्लमेंटात निवडून आले. निवडून आले म्हणजे काय, मतदारसंघ मामाच्या खिशातला होता! तेव्हाचं इंग्लंड तसंच होतं. पहिलं महत्त्वाचं भाषण त्यांनी वेड्यांच्या इस्पितळांविषयी केलं, आणि तेही इतक्या हळू आवाजात की पुष्कळांना ऐकूच आलं नाही. पण काम मात्र दणदणीत. त्या काळी मानसिक आजार झालेल्या माणसांना पेंढ्यावर साखळीनं बांधून ठेवत. लंडनच्या एका जागी तर शनिवारी बांधलेली माणसं थेट सोमवारी सोडत! अ‍ॅशली स्वतः अशा जागा बघत फिरले. या इस्पितळांची तपासणी करणाऱ्या सरकारी मंडळाचं काम त्यांनी पन्नासहून जास्त वर्षं, मरेपर्यंत केलं.

मग आल्या गिरण्या. इंग्लंडात वाफेवर चालणारी यंत्रं आली होती आणि सूतगिरण्यांत हजारो मुलं कामाला होती. बारा-बारा, चौदा-चौदा तास. तुटलेला धागा जोडायला लहान बोटं बरी, म्हणून. चालत्या यंत्राखाली रांगत जाऊन कापूस झाडायला लहान अंग बरं, म्हणून. झोप लागली तर पट्टा. बोट अडकलं तर तुटलं. पार्लमेंटात सॅडलर नावाचे एक सभासद या मुलांसाठी भांडत होते, पण १८३२ च्या निवडणुकीत ते पडले. आता पुढारी कोण? गिरणी कामगारांच्या वतीनं एक पाद्री अ‍ॅशलींना भेटायला आला. अ‍ॅशली म्हणाले, विचार करायला मला थोडा वेळ द्या. हे काम हाती घेतलं तर श्रीमंत मित्र तुटणार, मंत्रिपद कधी मिळणार नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी घरी येऊन पत्नीला, एमिलीला, सगळं सांगितलं. तिनं सांगितलं, हे तुमचं कर्तव्य आहे, परिणामांची काळजी करू नका, पुढे व्हा. झालं, ठरलं!

मागणी काय होती? दिवसाला दहा तास काम. हो, दहा! तेवढं मिळवायलासुद्धा चौदा वर्षं लागली. मालकांची उत्तरं तयार होती. मुलांचे तास कमी केले तर मोठ्यांचंही काम थांबेल. मजुरी घटेल आणि गरीब घरं उपाशी मरतील. व्यापार दुसऱ्या देशात जाईल. ऑक्सफर्डचे एक अर्थशास्त्राचे प्राध्यापक तर म्हणाले की गिरणीचा सगळा नफा शेवटच्या एका तासातून येतो, तोच काढला तर नफा शून्य! ऐकायला हुशारीचं वाटतं ना? पुढे तास कमी झाले तेव्हा गिरण्या काही बंद पडल्या नाहीत.

१८३३ मध्ये सरकारनं आपला वेगळा कायदा केला. नऊ वर्षांखालील मुलांना कापड गिरणीत कामाला घ्यायचं नाही (रेशमाच्या गिरण्या मात्र वगळल्या), नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊच तास, आणि देखरेखीला चार निरीक्षक. सगळ्या देशाला चार! आणि आणखी एक मजेशीर अडचण होती. मुलगा नऊ वर्षांचा आहे हे कशावरून? जन्माची सरकारी नोंदच नव्हती. ती इंग्लंडात १८३७ साली सुरू झाली. मग मुलांची उंची बघायची, नाहीतर तोंड उघडायला लावून दात मोजायचे! बाजारात बैलाचं वय बघतात तसं. बापाला पैसे हवेत, मालकाला मूल हवं, मग आठ वर्षांचं पोर दहाचं व्हायला कितीसा वेळ?

अ‍ॅशली नुसती भाषणं करत बसले नाहीत. ते गिरण्यांच्या गावी जाऊन मजुरांच्या खोल्यांत बसायचे. ब्रॅडफर्ड गावात त्यांनी गिरणीकामानं अपंग झालेली माणसं एकत्र बोलावली, तर ऐंशीच्या आसपास जमली. हातपाय वाकलेली, गुडघे आत वळलेली. सगळी मिळून वेडीवाकडी मुळाक्षरं मांडून ठेवावीत तशी दिसत होती, असं त्यांनी पुढे पार्लमेंटात सांगितलं.

आणि गिरण्या बऱ्या म्हणाव्यात अशी दुसरी जागा होती: कोळशाच्या खाणी.

खाणीत काय चालतं, हे वर राहणाऱ्या सभ्य माणसांना ठाऊकच नव्हतं. ४ जुलै १८३८ रोजी यॉर्कशरमधल्या सिल्कस्टोन गावाजवळ वादळी पाऊस झाला, ओढ्याचं पाणी खाणीत घुसलं आणि आत काम करणारी २६ मुलं बुडून मेली. सर्वांत लहान सात वर्षांचं. तेव्हा कुठे लोकांनी विचारलं, सात वर्षांचं मूल जमिनीखाली करत काय होतं? अ‍ॅशलींनी मागणी लावून धरली आणि १८४० मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाची माणसं खाणीत उतरली आणि मुलांना विचारत सुटली. अहवाल आला १८४२ मध्ये, आणि त्यात चित्रं होती. ही युक्ती फार मोठी, बरं का. जाडजूड सरकारी अहवाल कोण वाचतो? चित्र मात्र सगळे बघतात.

काय होतं त्या चित्रांत? एक मुलगी हातापायांवर रांगते आहे. कमरेला पट्टा, पट्ट्याला साखळी, साखळी दोन पायांमधून मागे गेलेली आणि तिला बांधलेली कोळशाची गाडी. बोगदा इतका बुटका की उभं राहता येत नाही. दुसरं चित्र दारवाल्या मुलाचं. खाणीत हवा खेळती राहावी म्हणून जागोजागी दारं असत. गाडी आली की उघडायचं, गेली की बंद. एवढंच काम! पाच-सहा वर्षांचं मूल पहाटे खाली जायचं आणि बारा तास त्या दारापाशी एकटं बसायचं. काळोखात. मेणबत्ती मिळाली तर मिळाली. आठ वर्षांच्या एका मुलीनं आयोगाला सांगितलं, कामानं मी दमत नाही, पण दिव्याशिवाय बसावं लागतं आणि मला भीती वाटते. उजेड असला की मी गाणं म्हणते, अंधारात म्हणायचं धाडस होत नाही.

७ जून १८४२ रोजी अ‍ॅशली पार्लमेंटात उभे राहिले आणि दोन तास बोलले. सभागृहात चिडीचूप. भाषण संपल्यावर रिचर्ड कॉब्डेन नावाचे सभासद उठून त्यांच्याजवळ आले. हे कॉब्डेन गिरणीवाल्यांच्या बाजूचे, अ‍ॅशलींचे पक्के विरोधक. त्यांनी अ‍ॅशलींचा हात घट्ट धरला आणि कबूल केलं की तुमच्या मनाची तळमळ मला आज पटली. कायदा झाला. बाया आणि मुली यांना खाणीत उतरवायला बंदी. मुलांसाठी अ‍ॅशलींनी तेरा वर्षांची अट मागितली होती; पण वरच्या सभागृहात खाणींचे मालक असलेले लॉर्ड बसले होते, त्यांनी ती दहावर आणली. म्हणजे अकरा वर्षांचा मुलगा त्यानंतरही खालीच. अ‍ॅशलींनी जे मिळालं ते पदरात घेतलं.

या सगळ्यात त्यांचं स्वतःचं घर कसं चाललं होतं? दहा मुलं, उत्पन्न तुटपुंजं. वडील जिवंत, इस्टेट त्यांच्या हातात, आणि वडिलांशी बोलणं अधूनमधून बंद. विरोधक टोमणा मारायचे, 'गिरणीतल्या मुलांचं रडगाणं गाता, तुमच्या वडिलांच्या जमिनीवरची कुळं कशी राहतात ते बघा की!' टोमणा खरा होता. डॉर्सेटमधल्या शेतमजुरांची मजुरी देशात सर्वांत कमी म्हणावी अशी, झोपड्या पडक्या. १८४३ मध्ये अ‍ॅशलींनी तिथल्याच एका सभेत, जमीनदारांच्या तोंडावर, हे बोलून दाखवलं. वडिलांनी त्यांना घराचे दरवाजे बंद केले. पुढे १८५१ मध्ये वडील वारले आणि ते स्वतः सातवे अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी झाले. इस्टेट कर्जात बुडालेली. तरी आणखी कर्ज काढून त्यांनी मजुरांसाठी नवी घरं बांधायला घेतली.

आणि दहा तासांचं काय झालं? इथे नशिबानं मोठी थट्टा केली. त्या काळी परदेशी धान्यावर मोठी जकात होती. त्यामुळे जमीनदारांचं धान्य महाग विकलं जाई आणि गरिबाची भाकरी महाग होई. अ‍ॅशली जमीनदारांच्या मतांवर निवडून आलेले, आणि त्यांनी जकातीची बाजू घ्यायचं कबूल केलेलं. १८४६ पर्यंत त्यांचं मत बदललं, जकात उठली पाहिजे. मग त्यांनी काय करावं? एका मतावर निवडून यायचं आणि दुसऱ्या मताला हात वर करायचा, हे बरोबर नाही म्हणून त्यांनी जागेचा राजीनामा दिला! दुसऱ्याच वर्षी, १८४७ मध्ये, जॉन फील्डेन यांनी दहा तासांचं विधेयक मंजूर करून घेतलं. चौदा वर्षं ज्यानं ते डोक्यावर वाहिलं, तो माणूस त्या दिवशी सभागृहाबाहेर होता.

बरं, पुढचं ऐका. मालकांनी कायद्यातून पळवाट काढली. मुलांना पाळीपाळीनं कामावर आणायचं, मधेच सोडायचं, पुन्हा बोलवायचं. निरीक्षकाला हिशोबच लागू नये. ही पळवाट बुजवायला १८५० मध्ये अ‍ॅशलींनी तडजोड पत्करली: दहाऐवजी साडेदहा तास, पण सकाळी सहा ते संध्याकाळी सहा याच वेळेत, आणि शनिवारी दुपारी दोनला गिरणी बंद. कामगार भडकले. ज्यांच्यासाठी एवढं केलं, त्यांनीच 'दगाबाज' म्हटलं. मला विचाराल तर तडजोड शहाणपणाची होती. तो शनिवारचा अर्धा दिवस कामगारांना फार मोलाचा ठरला. इंग्लंडात शनिवारी दुपारी फुटबॉलचे सामने खेळायची पद्धत याच मोकळ्या दुपारीतून पडली, असं मानतात.

आता तुम्ही म्हणाल, ते धुराडं राहिलंच की! राहिलं खरं. त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागला.

गंमत अशी की धुराडी साफ करायला पोराची गरजच नव्हती. लांब दांड्यांचा, जोडत जोडत वर नेता येणारा ब्रश १८०३ मध्येच तयार झाला होता. मग मुलं का? कारण ब्रशनं काजळी खोलीत उडते आणि गालिचे खराब होतात! कारण जुन्या वाड्यांची धुराडी वाकडीतिकडी होती आणि ती दुरुस्त करायला पैसे पडले असते. म्हणजे इथे दुष्ट गिरणीमालक नव्हते, बरं का. चांगल्या घरातली, देवाला जाणारी, दानधर्म करणारी माणसं होती. १८४० मध्ये एकवीस वर्षांखालील कोणालाही धुराड्यात चढवायला कायद्यानं बंदी झाली. अ‍ॅशलींना असा एक मुलगा त्यांच्या लंडनमधल्या घराच्या अगदी मागेच सापडला. त्यांनी त्याला सोडवून शाळेत घातलं. १८६३ मध्ये चार्ल्स किंग्जली यांनी धुराडं साफ करणाऱ्या टॉम नावाच्या मुलावर 'वॉटर बेबीज' ही परीकथा लिहिली आणि घराघरांत ती वाचली गेली. १८६४ मध्ये कायदा आणखी कडक झाला. आणि तरीही मुलं चढतच होती! कारण कायदा मोडला तर बघायचं कोणी, हे कोणत्याच कायद्यात नीट सांगितलेलं नव्हतं.

फेब्रुवारी १८७५. केंब्रिजजवळच्या फुलबोर्न गावातल्या इस्पितळात जॉर्ज ब्रूस्टर नावाच्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला मालकानं धुराड्यात चढवलं. तो अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढलं, पण थोड्याच वेळात तो गेला. हे इस्पितळ कसलं होतं, ठाऊक आहे? मानसिक रुग्णांचं. शाफ्ट्सबरी ज्यांची पन्नास वर्षं तपासणी करत आले, त्यांपैकीच एक. मालकाला सहा महिने सक्तमजुरी झाली. चौऱ्याहत्तर वर्षांचे शाफ्ट्सबरी पुन्हा उभे राहिले. या वेळी कायद्यात एकच नवी गोष्ट घातली: धुराडी साफ करणाऱ्या प्रत्येकानं दरवर्षी पोलिसांकडून परवाना घ्यायचा, आणि पोरं चढवली तर परवाना गेला. लक्ष ठेवणारा माणूस ठरला आणि पोरं चढवणं थांबलं. जॉर्ज ब्रूस्टर हा त्या धुराड्यांचा शेवटचा बळी ठरला.

शाळांची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाववत नाही. लंडनच्या गल्ल्यांतली फाटक्या कपड्यांतली, अनवाणी पोरं; त्यांना कोणती शाळा घेणार? काही भल्या माणसांनी तबेल्यांत, पडक्या खोल्यांत त्यांच्यासाठी फुकट शाळा काढल्या. नावच मुळी 'फाटक्यांच्या शाळा'. १८४४ मध्ये त्यांची संघटना झाली, तिचे अध्यक्ष शाफ्ट्सबरी. मोठमोठी मेजवानी सोडून ते या शाळांत जाऊन बसत.

१८४८ मध्ये त्यांना एक पत्र आलं. खाली सह्या चाळीस चोरांच्या! अलिबाबाची गोष्ट नव्हे, खरे लंडनचे चोर. आम्हाला भेटायला याल का, म्हणून विचारत होते. हे गेले. तिथे चाळीस नव्हे, जवळजवळ चारशे जण जमलेले, नामांकित घरफोड्यांपासून भुरट्यांपर्यंत. शाफ्ट्सबरींनी त्यांच्याशी सरळ गप्पा मारल्या. चोरी सोडायची तर आहे, पण काम कोण देणार, हे ऐकून घेतलं. त्यांतल्या कित्येकांना दूरदेशी जाऊन नव्यानं सुरुवात करायला मदत मिळाली. म्हणूनच की काय, लंडनमध्ये एक गोष्ट सांगत असत. एकदा कोणी शाफ्ट्सबरींचं ते सोन्याचं घड्याळ लांबवलं. चोरांच्या वस्तीत कळलं कोणाचं आहे, आणि एका रात्री दारावर थाप पडली. दारात एक पोतं, पोत्यात हातपाय बांधलेला चोर आणि त्याच्यापाशी घड्याळ! खरी किती, देव जाणे. अशी गोष्ट ज्याच्याविषयी लोक सांगतात, तो माणूस लोकांना कसा वाटत होता ते तरी कळतं. हातगाडीवर भाजी-फळं विकणाऱ्यांनी तर वर्गणी काढून त्यांना एक गाढव भेट दिलं. लॉर्डसाहेबांनी ते आनंदानं घेतलं आणि म्हणाले, या गाढवासारखी सोशिकपणे काम करायची बुद्धी मलाही मिळो.

एवढं ऐकून तुम्हाला हा माणूस देवच वाटेल. तसं काही नव्हतं हं. कामगारांचे तास कमी व्हावेत म्हणून भांडणारे शाफ्ट्सबरी कामगारांना मत द्यायला मात्र विरोध करत! गरिबांची काळजी मोठ्यांनी घ्यावी, गरिबांनी राज्य करू नये, असं त्यांचं पक्कं मत. संप त्यांना आवडत नसत. धर्माच्या बाबतीत तर फारच कडक. १८५० मध्ये त्यांनी रविवारचं टपाल बंद करायचा ठराव मंजूर करून घेतला. देवाच्या वारी पोस्टमनला विश्रांती हवी, म्हणून. लोकांनी इतका गोंधळ घातला की काही आठवड्यांतच टपाल पुन्हा सुरू झालं. स्वभावही कष्टी आणि हळवा. विनोद अंगाला लागत नसे.

१ ऑक्टोबर १८८५ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते वारले. राजेरजवाडे आणि थोर माणसं जिथे पुरतात, त्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये पुरायला त्यांनी आधीच नकार देऊन ठेवला होता. आपल्या गावच्या चर्चमध्येच पुरा, म्हणाले होते. अ‍ॅबेत फक्त प्रार्थना झाली. त्या दिवशी लंडनच्या रस्त्यांच्या दोन्ही कडांना माणसं उभी होती: बूटपॉलिशवाली पोरं, फुलं विकणाऱ्या बाया, हमाल, फाटक्यांच्या शाळांतली मुलं. ज्यांच्याकडे काळे कपडे नव्हते, त्यांनी काळ्या कापडाची चिंधी तरी बांधली होती.

लंडनच्या पिकॅडिली सर्कस चौकात एक कारंजं आहे आणि त्यावर पंख असलेल्या, धनुष्य घेतलेल्या मुलाचा पुतळा. चित्रात किंवा सिनेमात तुम्ही तो नक्की पाहिला असेल. सगळे त्याला 'इरॉस' म्हणतात, म्हणजे प्रेमाचा देव. मुळात तो इरॉसचा भाऊ अँटेरॉस, आणि ते कारंजं शाफ्ट्सबरींचं स्मारक आहे. १८९३ मध्ये उभारलं. अ‍ॅल्युमिनियमचा असा पुतळा तेव्हा फार नवलाचा होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी पिता यावं म्हणून कारंज्याला साखळीनं पेले बांधले होते. ते मात्र चोरांनी पळवले.

आणि आपल्याकडे? मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी काढली आणि वीस वर्षांत इथेही तीच कहाणी सुरू झाली. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, लहान मुलंसुद्धा. शाफ्ट्सबरींनी १८७५ आणि १८७९ मध्ये लॉर्डांच्या सभागृहात भारतातल्या गिरण्यांतल्या मुलांचा प्रश्न काढला. मँचेस्टरकडच्या मालकांनाही हा कायदा हवा होता, पण त्यांचं कारण निराळं. मुंबईचं कापड स्वस्त पडतं, तिथले तास कमी झाले तर आपला फायदा! त्यामुळे इथल्या गिरणीमालकांनी आणि पुष्कळ वर्तमानपत्रांनीही ओरड केली की हा आमचा धंदा बुडवायचा डाव आहे. दोघांचंही बोलणं पुरतं खोटं नव्हतं. मधल्या मधे मूल यंत्राखाली रांगतच होतं. मुंबईतल्या सोराबजी शापूरजी बंगाली यांनी मात्र मुलांची बाजू धरली आणि १८७८ मध्ये कायद्याचा मसुदाच लिहून काढला. अखेर १८८१ मध्ये भारताचा पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना बंदी, सात ते बाराच्या मुलांना दिवसाला नऊ तास आणि महिन्याला चार सुट्ट्या. शंभराहून कमी माणसं असलेल्या कारखान्यांना तेवढंही लागू नाही. मोठ्यांच्या तासांविषयी तर एक अक्षर नाही.

ते अक्षर लिहून घ्यायला मुंबईतच एक माणूस उभा राहिला. हा कोणी लॉर्ड नव्हता. जोतीराव फुल्यांचा सहकारी, ठाण्याचा, नाव नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ मध्ये परळला त्यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. तुम्ही रविवारी उशिरापर्यंत लोळत पडता ना, त्याचा आणि या माणसाचा अगदी जवळचा संबंध आहे. १० जून १८९० या तारखेला काय झालं ते घरी किंवा शाळेत विचारून ठेवा. लोखंड्यांची गोष्ट पुढच्या अंकात.